घरातलं नेट मधून मधून का अडखळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत घरोघरी नेटची जोडणी, वायरिंग आणि दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे. पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करायला सोपं, कारण दोष समोर दिसतो. अवघड जातं ते मधूनच अडखळणारं नेट. मी पोचेपर्यंत ते सुरळीत झालेलं असतं आणि घरची माणसं ओशाळून म्हणतात, "आत्ताच चांगलं चालतंय बघा, सकाळपासून नुसतं गोल फिरत होतं." त्यांनी ओशाळायचं काही कारण नसतं. दोष खरा असतो, फक्त त्याची वेळ वेगळी असते. फोनवर सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सुरुवात कुठून करू?

वहीपासून. लेकरांची एखादी अर्धी राहिलेली वही आणि पेन राउटरजवळ ठेवा. नेट अडखळलं की लगेच लिहा: तारीख, घड्याळातली वेळ, कोणत्या खोलीत, कोणत्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर, आणि त्या घडीला घरात काय चालू होतं. मोटर, मिक्सर, कूलर, पाऊस, पाहुणे, लाइट गेली-आली, सगळं लिहा. राउटरवरचे दिवे कसे होते तेही. आठ दिवस एवढंच करा. या आठ दिवसांत काही बदलू नका आणि काही विकतही आणू नका.

आठ दिवसांच्या नोंदी एका बैठकीत वाचल्या की बरंच काही आपोआप दिसतं. रोज ठरावीक वेळेला जात असेल तर विजेकडे बघा. रात्री जेवणाच्या सुमारास मंदावत असेल तर गर्दी. भर दुपारी जात असेल तर उष्णता. एकाच खोलीत त्रास असेल तर वायफायची रेंज. वारा-पावसात जात असेल तर बाहेरची लाइन. कुणीतरी व्हिडिओ पाठवताना सगळ्यांचंच अडकत असेल तर अपलोड. लोक वही सोडून थेट नवा राउटर आणतात. दोन-तीन हजार जातात आणि पंधरा दिवसांनी मला तोच फोन येतो.

दुरुस्ती करतानाही एका वेळी एकच बदल करा आणि दोन दिवस थांबा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला हे कधीच कळत नाही.

स्पीड टेस्ट केली तर स्पीड पूर्ण दाखवते. मग स्लो का वाटतं?

स्पीड टेस्ट त्या अर्ध्या मिनिटापुरतं बोलते. तुमचा त्रास दहा मिनिटांनी येणार असेल तर तिला तो दिसत नाही. शिवाय ती बहुधा जवळच्या सर्व्हरशी, एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते, त्यामुळे मधले बारीक हिसके झाकले जातात. व्हिडिओ कॉलला मोठ्या स्पीडपेक्षा अखंडपणा जास्त लागतो. २ ते ४ एमबीपीएसमध्ये कॉल उत्तम चालतो, पण मध्येच दोन सेकंदांची खंड पडली तर १०० एमबीपीएस असूनही समोरच्याचा आवाज तुटतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. प्लॅनमधले १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. डाउनलोड करताना कॉम्प्युटर दाखवतो ते बहुतेक वेळा मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून तिथे १२ च्या आसपास आकडा दिसला तर तुमचं नेट पूर्ण चालतंय.

दोष घरात आहे की बाहेर, हे स्वतः कसं ओळखू?

या पानावरची सगळ्यात उपयोगी गोष्ट ही आहे, म्हणून सावकाश सांगतो.

विंडोज कॉम्प्युटरवर स्टार्टमध्ये सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा, काळी खिडकी उघडेल. अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. पहिलीत पिंग हा शब्द, जागा सोडून राउटरचा पत्ता, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून टी हे अक्षर, असं सगळं इंग्रजीत लिहून एंटर दाबा. राउटरचा पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर तो छापलेला असतो. दुसऱ्या खिडकीत तसंच लिहा, पण पत्ता ८.८.८.८ द्या. आकडेही टाइप करताना इंग्रजीतच. मग दोन्ही खिडक्या तशाच चालू ठेवून आपलं काम करत राहा.

दर सेकंदाला एक ओळ येते. त्यात टाइमपुढे दिसणारा मिलिसेकंदाचा आकडा म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ. राउटरपर्यंत वायरनं तो १ च्या आत असतो, वायफायवर साधारण २ ते ५, मधूनच १०-२०. बाहेरच्या पत्त्याचा थोडा जास्त असणारच. लातूरहून मुंबई रस्त्यानं ५०० किलोमीटरच्या घरात. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एवढ्या अंतराला जाऊन-येऊन नुसते ५ मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आणि वळसे धरले तर १० ते ३० हा आपल्याकडे निरोगी आकडा आहे.

आता अडखळण्याची वाट बघा. दोन्ही खिडक्यांत आकडे एकदम चढले किंवा "टाइम्ड आउट" असं आलं, तर दोष घरातच आहे: वायफाय, वायर किंवा राउटर. पहिली खिडकी शांत आहे आणि दुसरीच उड्या मारतेय, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे, किंवा घरातलंच कुणीतरी लाइन भरून टाकतंय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. दोन्ही खिडक्या शांत असूनही एखादंच अ‍ॅप अडकत असेल तर आधी त्या अ‍ॅपचाच सर्व्हर किंवा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासायचा. कंट्रोल आणि सी दाबलं की चाचणी थांबते आणि एकूण किती निरोप हरवले तो हिशेब दिसतो. घरातल्या वायरवर एकही हरवायला नको.

ही चाचणी एकदा वायफायवर आणि एकदा राउटरला वायर लावून करा. वायरवर सगळं शांत असेल तर कंपनीला फोन करायची गरजच नाही.

रोज सकाळी सहा-सव्वासहाला नेट जातं आणि दोन-तीन मिनिटांत परत येतं. कंपनी रोज लाइन बंद करते का?

असाच एक फोन मला औसा रोडवरच्या एका घरातून आला होता. तिथल्या काकूंनी वही नीट ठेवली होती: सकाळी ६:१०, ६:१५, ६:१२, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पुन्हा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) तो किती वेळापासून सलग चालू आहे याचा आकडा असतो, त्याला अपटाइम म्हणतात. मी दुपारी गेलो तेव्हा तो आकडा सहा तासांच्या आत होता. म्हणजे त्याच सकाळी राउटर स्वतः बंद पडून पुन्हा चालू झाला होता. बाहेरची लाइन तुटली असती तर हा आकडा शून्यावर आला नसता.

मी काकूंना म्हटलं, सकाळी उठल्यावर तुम्ही जे जे करता ते आत्ता करून दाखवा. त्यांनी बोअरचं स्टार्टर दाबलं. स्वयंपाकघरातला बल्ब क्षणभर मंद झाला आणि राउटरचे सगळे दिवे एकदम विझून एकेक करून परत पेटायला लागले. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं. चांगला अडॅप्टर एवढी झुळूक सहन करतो. त्यांचा पाच वर्षं जुना होता, आतले कपॅसिटर दमले होते.

उपाय दोनच. नवा अडॅप्टर, पण व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिन तीच. १२ व्होल्टच्या राउटरला ९ व्होल्टचा लावू नका. दुसरा उपाय राउटरचा छोटा यूपीएस, जो बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देतो. मराठवाड्यात ज्याच्या घरी नेट आहे त्याच्या घरी हा असायलाच हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात मोठा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असे दोन पर्याय असतात. नॉर्मलवर लाइट जाऊन बॅटरी लागायला जरा जास्त वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, राउटरला कळतो. बटण यूपीएसवर ठेवा.

रात्री ८ ते ११ स्लो, पहाटे सुसाट. असं का?

दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींची लक्षणं सारखी आहेत. एक, शेजारपाजारच्या सगळ्या घरांचं वायफाय त्याच वेळी जोरात चालतं आणि हवेत गर्दी होते. दोन, कंपनीच्या लाइनवरच गर्दी होते. रात्री ९ वाजता राउटरला वायर लावून बघा. वायरवर स्पीड पूर्ण आला तर गर्दी हवेतली, आणि तिचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

वायरवरही कमी आला तर लाइनची गर्दी. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या जीपॉन पद्धतीच्या आहेत. त्यात एका मूळ तारेवर सुमारे २.५ जीबीपीएस, म्हणजे २,५०० एमबीपीएस डाउनलोड असतं आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. ६४ घरांना १०० एमबीपीएस म्हटलं तर बेरीज ६,४०० होते, पण सगळे एकाच वेळी पूर्ण ओढत नाहीत म्हणून ते चालून जातं. बऱ्याचदा अडचण या तारेत नसते, तर गल्लीतल्या केबलवाल्यानं वरून जी लाइन घेतली आहे तीच त्याच्या गिऱ्हाइकांना रात्री पुरत नाही. यावर घरात बसून काहीच करता येत नाही. सात दिवस रात्री ९ आणि पहाटे ५ असे वायरवरचे आकडे लिहून त्यांना दाखवा. आकडे पाहिल्यावर बोलणं लवकर मार्गी लागतं.

वायफायचा चॅनल कोणता ठेवू?

वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि चॅनल म्हणजे पट्ट्यातली एकेक वाट. २.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं एखादं अ‍ॅप घेऊन बघा आणि तिघांपैकी ज्यावर गर्दी कमी तो राउटरमध्ये ठरवून टाका. ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून तिथे जाऊ नका, दोन्ही बाजूंचा गोंगाट सहन करावा लागतो. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ४० ठेवली तर कागदावर स्पीड वाढतो आणि वस्तीत प्रत्यक्षात घटतो.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनल घ्या. मधल्या ५२ ते १४४ चॅनलांना नियम असा, की रडारची चाहूल लागली तर राउटरनं ती जागा ताबडतोब सोडायची. मग सगळ्यांचं नेट क्षणभर तुटतं आणि कारण कुणालाच कळत नाही. एका घरात मी दोन चकरा मारल्या त्या याच पायी.

आमचा जुना दगडी वाडा आहे. माजघरात रेंज येते, मागच्या खोलीत नाही.

काळ्या दगडाची दोन फूट जाड भिंत ५ गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ थांबवते आणि २.४ लाही थकवून सोडते. वर माळवदाचा मातीचा थर असेल तर गच्चीतून खाली रेंज येईल ही आशाच नको. अशा घरात राउटर कितीही भारी घेतला, चार अँटेनांचा घेतला, तरी भिंत भिंतच राहते. उपाय एकच: भिंतीतून वायर नेऊन पलीकडे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वायफायनं पसरवणारा डबा) लावायचा. भिंत फोडायला लागत नाही. दारावरच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक बारीक वायर सहज जाते, आणि वाड्याचं लाकूडकामही शाबूत राहतं. ते राहायलाच हवं.

पत्र्याच्या घराची गोष्ट उलटी आहे. पत्रा लहर आत अडवून परत फेकतो, त्यामुळे खोलीत रेंज भरपूर आणि अंगणात पाऊल टाकलं की गायब.

राउटर कुठे ठेवायचा नाही हे जास्त महत्त्वाचं. पाण्याच्या टाकीमागे नको. पाणी वायफायची लहर शोषून घेतं, आणि पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागात जिन्याखाली, मोरीवर, गच्चीवर अशा टाक्या घरोघरी आहेत. पत्र्याच्या कूलरमागे नको, कारण तो पाणी भरलेला लोखंडी डबाच असतो. लोखंडी कपाटावर नको, टीव्हीच्या पाठीमागे नको. मायक्रोवेव्हजवळ नको, तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो. घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा.

रिपीटर लावू का?

शक्यतो नको. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून स्पीड निम्मा होतो. जिथे आधीच रेंज मरते तिथे तो लावला तर मेलेलीच रेंज पुढे पाठवतो. वायर नेणं शक्य असेल तर वायरच न्या.

लेकराचा ऑनलाइन क्लास चालू असतो आणि घरात कुणी व्हिडिओ पाठवला की क्लास अडकतो. प्लॅन वाढवू?

थांबा. आधी हे वाचा, कारण लातुरात अर्ध्या घरांतून मला हाच प्रश्न येतो. नीट, सीईटीच्या सराव परीक्षा घरून देणारी लेकरं आहेत, पेपर अर्ध्यात अडकला की त्यांचा जीव कसा होतो ते मी पाहिलं आहे.

साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. उसाचे चाळीस ट्रॅक्टर रांगेत लागले आहेत. मागून एक माणूस मोटरसायकलवर नुसती चिठ्ठी द्यायला आला. चिठ्ठीचं काम एका मिनिटाचं, पण रांग एकच असल्यामुळे तो चाळीस ट्रॅक्टरांच्या मागे उभा. तुमच्या राउटरमध्ये नेमकं हेच होतं. गावाकडच्या पाहुण्याला पाठवलेला लग्नाचा व्हिडिओ म्हणजे ट्रॅक्टर आणि क्लासमधला आवाज म्हणजे ती चिठ्ठी. राउटरची रांग जेवढी लांब तेवढा उशीर. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्यानं २०१० च्या सुमारास त्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं.

तपासायला सोपं आहे. वरच्यासारखं ८.८.८.८ ला पिंग लावा आणि मोबाइलवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. २० चा आकडा ३००-४०० वर गेला आणि व्हिडिओ संपताच खाली आला, तर निदान पक्कं.

राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा स्मार्ट क्यू असा पर्याय असेल, किंवा एफक्यू-कोडेल अथवा केक ही नावं दिसत असतील, तर ते चालू करा. त्यात अपलोड आणि डाउनलोडचे आकडे भरावे लागतात. वायरवर मोजलेल्या स्पीडच्या ९० टक्के भरा. थोडा स्पीड सोडल्यानं रांग कंपनीच्या यंत्राऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे चिठ्ठीवाल्याला वेगळी वाट मिळते. नुसतं क्यूओएस लिहिलेलं असेल तर त्यात क्लासच्या लॅपटॉपला पहिला मान देता येतो, तेवढ्यानंही फरक पडतो.

राउटरमध्ये यातलं काहीच नसेल तर गुपचूप अपलोड करणाऱ्यांना शोधा. फोटोंचा आपोआप बॅकअप फक्त रात्री ठेवा. घरावर चार सीसीटीव्ही कॅमेरे क्लाउडवर प्रत्येकी २ एमबीपीएस पाठवत असतील तर ८ एमबीपीएस अपलोड कायमचं गेलं. त्यांचं रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर घ्या. विंडोजच्या अपडेटमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणून सेटिंग आहे, ते चालू असताना तुमचा कॉम्प्युटर इतरांना अपडेट पुरवू शकतो. बंद करा.

आणि परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपला वायरच लावा.

एकाच जुन्या मोबाइलमुळे सगळ्यांचं नेट स्लो होऊ शकतं का?

होऊ शकतं. एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. शेताच्या पाणंदीवर पुढे बैलगाडी असली की मागची जीपही बैलगाडीच्याच चालीनं जाते. दूर अंगणात बसलेला जुना मोबाइल कमकुवत रेंजवर हळू हळू बोलतो आणि तेवढा वेळ बाकीचे थांबतात. जुनी, लांबची उपकरणं २.४ वर ठेवा आणि लॅपटॉप, टीव्ही ५ वर. त्यासाठी दोन्हींना वेगळी नावं द्या.

लॅपटॉपच्या यूएसबी ३ खाचेत हार्डडिस्क लावली की त्याच लॅपटॉपचं २.४ वायफाय मंदावतं, हाही अनुभव येतो. त्या केबलमधून त्याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. हार्डडिस्क लांब ठेवा किंवा ५ वर जा.

वायर लावूनही ९४ च्या पुढे स्पीड जात नाही.

वायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही, की १००० ऐवजी १०० वर जोडणी होते, आणि १०० म्हणजे प्रत्यक्षात ९४ च्या आसपास. जॅक पुन्हा क्रिम्प करून (तारांवर दाबून बसवून) घ्या. जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तेही बघा. वायर घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, दोन वेळा वाकवली की आतून तुटते आणि मग जोडणी हजारावरून शंभरवर, पुन्हा हजारावर असे हिसके खाते. मधून मधून येणाऱ्या त्रासाचं हे एक लपलेलं कारण आहे.

पान उघडायला पाच-सहा सेकंद लागतात, उघडलं की मग धडाधड चालतं.

डीएनएस. नावावरून पत्ता शोधायला वेळ लागतोय. राउटरमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा.

वरच्या मजल्यासाठी जुना राउटर जोडला तेव्हापासून कधी चालतं, कधी नाही.

दोन्ही राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते वाटत असणार. ज्याला चुकीच्या राउटरकडून पत्ता मिळाला तो अडकला, दुसऱ्याकडून मिळाला तो सुटला. जुन्या राउटरमधलं डीएचसीपी (पत्ते वाटायचं सेटिंग) बंद करा, त्याला वेगळा पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, आणि वायर त्याच्या वॅन (बाहेरचं नेट येण्याच्या) खाचेत न लावता लॅन (घरातल्या उपकरणांच्या) खाचेत लावा. एकाच वायरची दोन्ही टोकं चुकून नेटच्या एकाच स्विचमध्ये (एका वायरीचे अनेक फाटे करणाऱ्या डब्यात) गेली आहेत का तेही बघा. तसं झालं की निरोप गोल गोल फिरून सगळं घर ठप्प होतं. लहान लेकरं असलेल्या घरात मी हे आधी बघतो.

मे महिन्यात दुपारीच का जातं?

बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४२-४३ च्या पुढे जातो; पत्र्याखाली, त्यातही वरच्या फळीवर, त्याहून जास्त. बंद कपाटात किंवा सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला राउटर तापला की मंदावतो, मग स्वतःच बंद-चालू होतो. तो खाली आणा, पत्र्यापासून दूर, चारी बाजूंनी हवा लागेल असा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, त्या हवेत ओल आणि धूळ दोन्ही असतात. छिद्रांतली धूळ महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झाडा.

वारा-पाऊस आला की लाइन जाते. काय बघू?

फायबरच्या डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस नावाचा दिवा लाल लुकलुकला तर प्रकाशच पोचत नाही, कंपनीला कळवा. दिवे ठीक असूनही त्रास असेल तर डब्याच्या पानावर आरएक्स पॉवरचा, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाच्या ताकदीचा आकडा बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ म्हणजे काठावर, तिथे वाऱ्यानं तार हलली तरी लाइन तुटते. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून उणे २२ वरून उणे २८ ही घट छोटी समजू नका. कोरड्या दिवशीचा आणि पावसातला असे दोन्ही आकडे वहीत लिहा.

घरात तार कुठे टोकदार वाकली आहे का, दाराच्या फटीत चेपली आहे का, उंदरानं कुरतडली आहे का, एवढं बघा. बाहेर वानरं तारांवर उड्या मारतात, उंच भरलेला उसाचा ट्रॅक्टर लोंबती तार ओढून नेतो, खांबावरच्या जोडाच्या पेटीत पाणी शिरतं. ते काम कंपनीच्या माणसाचं. हिरव्या आणि निळ्या टोकाचे जोड एकमेकांत बसवू नका, दोन्हींचं टोक वेगळं घासलेलं असतं. आणि सुटलेल्या तारेच्या टोकात कधीही डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की राउटरचा प्लग आणि तांब्याच्या सगळ्या वायरी काढून ठेवा. दोन घरांमधून, किंवा घरातून शेतातल्या गोठ्यापर्यंत, तांब्याची वायर उघड्यावरून नेऊ नका. तिथे फायबर टाका, तेही लोखंडी तार नसलेलं.

राउटर बंद-चालू केला की ठीक होतं. रोज तसंच करत राहू?

तात्पुरतं करा, पण त्यातून काय कळतं ते बघा. बंद करून लगेच चालू न करता दहा मिनिटं थंड होऊ द्या. त्यानं जास्त वेळ टिकलं तर उष्णता. कितीही थंड केलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच, तर राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट करा. तरीही तेच, तर राउटरचं वय झालं. राउटर बदलायला मी सांगतो तो इथे येऊन.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच स्लो होतं.

प्लॅनची डेटा मर्यादा संपली. अ‍ॅपमध्ये वापर बघा. घरात कुणी अनोळखी उपकरण जोडलेलं दिसलं तर पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा.

तक्रार केली तर "आमच्याकडून ठीक आहे" म्हणतात.

तोंडी बोलू नका. तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या, तो मिळणं हा तुमचा हक्क आहे. सोबत वहीचं पान, वायरवरच्या पिंगचा फोटो आणि आरएक्स पॉवरचे आकडे पाठवा. "नेट स्लो आहे" याला उत्तर सोपं असतं. "सात दिवस रात्री ९ ते १० वायरवर १०० पैकी १८ एमबीपीएस, राउटरपर्यंत पिंग १ मिलिसेकंद" याला माणूस पाठवावा लागतो. तरीही काम झालं नाही तर त्याच तक्रार क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

नवं घर बांधतोय. आत्ताच काय करून ठेवू?

विजेच्या पाइपपासून वेगळा, किमान एक इंचाचा पाइप प्रत्येक खोलीत न्या आणि सगळे पाइप एकाच जागी आणा. ती जागा घराच्या मधोमध असावी. मीटरच्या पेटीत किंवा जिन्याखाली नको. प्रत्येक पाइपमध्ये कॅट ६ प्रकारच्या नेटच्या दोन वायरी आणि एक मोकळी नायलॉनची दोरी ओढून ठेवा, पुढे नवी वायर घालायला ती दोरी कामाला येते. पाइपला काटकोनातलं वळण देऊ नका, गोलाईचं द्या. गच्चीवर आणि फाटकापर्यंतही एकेक पाइप ठेवा, कॅमेरे आज ना उद्या लागतातच. प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून, जमिनीपासूनची आणि कोपऱ्यापासूनची अंतरं दिसतील असे फोटो काढा आणि ते घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.